खुर्चीचे पुढचे पाय

परवा नातू इजिप्तवरचं एक चित्रांचं पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "आजी, या खुर्चीचे पुढचे पाय वेगळे आणि मागचे वेगळे आहेत, बघ." चष्मा लावून बघितलं. खरंच की! इतकी वर्षं शाळेत इजिप्त शिकवला... नाईल, पिरॅमिड, ममी, झालं. खुर्चीच्या पायांकडे लक्षच गेलं नव्हतं.

अण्णांची खुर्ची घरच्या मंडळींना आठवत असेल. पुढच्या दोन पायांना वाघाचे पंजे, पंजात गोळा, मागचे पाय मात्र साधे सरळ. इंग्रजी अमदानीतली पद्धत ती. म्हणजे अर्धा वाघ आणि अर्धी खुर्ची!

इजिप्तच्या सुतारांनी असं अर्धवट काम केलं नाही. सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या, अबायडोसच्या राजांच्या थडग्यांत हस्तिदंती पाय सापडले, ते बैलाचे. पुढे सिंहाचे पाय आले. पुढचे दोन पाय सिंहाच्या पुढच्या पायांसारखे, मागचे दोन मागच्यांसारखे, ढोपराच्या बाकासकट. चारही पंजे एकाच दिशेला. बसणारा जिकडे तोंड करून बसेल, तिकडेच सिंह निघालेला! आपण सिंहासन म्हणतो, पण त्यातला सिंह कुठे शोधतो?

खुफूची आई हेतेफेरेस हिचं सामान 1925 साली गिझाला एका खोल विवरात सापडलं. लाकूड पार कुजून गेलेलं, वरचा सोन्याचा पत्रा तेवढा जमिनीवर पडलेला. रायस्नर यांच्या माणसांनी महिनोन्महिने एकेक तुकडा जिथे पडला तिथे मोजून, नोंदवून मगच उचलला. त्या नोंदींवरून पलंग आणि खुर्ची पुन्हा उभी राहिली, सिंहाच्या पायांवर. मला या कामाचं तुतनखामेनच्या सोन्यापेक्षा जास्त कौतुक वाटतं. घाई केली असती तर हाती नुसता सोन्याचा ढीग राहिला असता.

अर्थात तुतनखामेनही आहेच. 1922 च्या नोव्हेंबरात कार्टर आत शिरले तेव्हा समोर सोनेरी मुलाम्याचे तीन मोठे पलंग होते. एकाच्या दोन्ही बाजूंना सिंहीण, दुसऱ्याच्या गाय, शिंगांमध्ये सूर्यबिंब घेतलेली. तिसऱ्याचं जनावर पाणघोडा, मगर आणि सिंह मिळून झालेलं. उजेड पडताच त्यांच्या डोक्यांच्या अक्राळविक्राळ सावल्या भिंतीवर पडल्या. हे पलंग निजायचे नव्हेत, मेलेल्या राजासाठीचे. पण सुताराची सोय बघा, सुटे भाग करून आकड्यांनी जोडलेले! घर बदलताना आपली कपाटं खोलतो तसे.

आम्ही 1978 साली घर बदललं तेव्हा अण्णांची खुर्ची जिन्यातून उतरेना, म्हणून तिथेच कोणाला तरी देऊन टाकली. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. नंतरही नाहीत.

असो. तिचा फोटो कोणाकडे असला तर जरूर पाठवा. माझ्याकडे एकच आहे, पण त्यात अण्णा बसलेत आणि खुर्चीचे पाय धोतराने झाकले गेलेत.