सहा महिन्यांचें बिऱ्हाड

शहरांतील कुटुंबानें घर बदललें म्हणजे पहिले कांहीं दिवस लहान मुलांना नीट झोंप लागत नाहीं. दाराची जागा बदललेली असते, रात्रींचे आवाज निराळे असतात, नेहमींच्या वस्तू हाताला सांपडत नाहींत. पंधरा दिवसांत तें अंगवळणीं पडतें आणि नवें घर मुलांचें होऊन जातें. बीड जिल्ह्यांत मात्र अशीं हजारों कुटुंबें आहेत कीं, ज्यांना दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास परमुलखांत नवें घर उभें करावें लागतें आणि पाडव्याच्या आसपास तें मोडून परतावें लागतें. या घराला ‘कोपी’ म्हणतात. ऊंसतोडणीच्या धंद्यांतील मजुरीचे दर, संप व मुकादम यांविषयीं वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतें; परंतु या धंद्यानें एक स्वतंत्र प्रकारचें घर निर्माण केलें व त्यांत दोन-तीन पिढ्यांचें बाळपण गेलें, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

बालाघाटाची डोंगररांग बीड जिल्ह्यांतून गेली आहे. तिच्या माथ्यावरील पाटोदा, शिरूर, धारूर या भागांत जमीन हलकी व पाऊस बेभरंवशाचा. ज्वारी-बाजरीवर घर चालावयाचें, आणि दिवाळीनंतर कोरडवाहू शेतांत फारसें काम उरत नसे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सीमेपलीकडील नगर जिल्ह्यांत चित्र निराळें होतें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस वाढूं लागला. १९५० सालीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढें त्या नमुन्यावर पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने निघाले. एका बाजूला दिवाळीनंतर रिकामे पडणारे हात, दुसऱ्या बाजूला दिवाळीच्याच सुमारास तोडणीस येणारा ऊंस. या दोहोंची गांठ पडली. १९७२ च्या दुष्काळानें ती पक्की केली. ज्यांनीं तोंवर गांव सोडलें नव्हतें, त्यांनींहि त्यानंतर कोयता हातीं घेतला. पुढें बीड जिल्ह्यांतहि कारखाने उभे राहिले. तरी कोल्हापूर, सांगली, इतकेंच नव्हे तर कर्नाटकापर्यंतची वाट कांहीं बंद झाली नाहीं.

कारखान्याच्या आसपास मजूर नव्हते असें नाहीं. पण तोडलेला ऊंस पडून राहिला कीं त्यांतील साखर घटूं लागते; तो शक्य तों एका दिवसाच्या आंत गाळावा लागतो. म्हणून गाडी मध्यरात्रीं आली तरी मोळ्या चढविण्यास माणसें हजर पाहिजेत. गांवांत स्वतःचें घरदार असलेला मजूर अशा वेळीं येईलच असें नाहीं. शेताशेजारीं कोपींत झोंपलेला व मुकादमाची उचल आधींच घेतलेला मजूर मात्र उठतो. कोपी ही मजुराची सोय खरी, पण त्याहून अधिक ती कारखान्याची सोय आहे.

ही उचल एकट्या माणसाला मिळत नाहीं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, असा या धंद्याचा हिशेब आहे. एकटा गडी ‘अर्धा कोयता’ धरला जातो. पुरुष एकटा परगांवीं गेला असता, तर घर मागें राहिलें असतें. मुंबईच्या गिरण्यांतील कोंकणी कामगाराचें असेंच होत असे. येथें आई कामावर आलीच पाहिजे, आणि आई आली म्हणजे अंगावर पिणारें मूल तिच्याबरोबर आलें. हिशेबांत त्या मुलाची कोठेंहि नोंद नाहीं. सारें घर हललें तें याच कारणानें.

कोपी बांधण्यास अर्धा दिवस पुरतो. बांबूच्या कांबी दोन्ही बाजूंनीं रोवून मध्यें वांकवावयाच्या अगर एकमेकींना टेंकवावयाच्या, त्यांवर बांबूचे तट्टे व उंसाचें पाचट. अलीकडे त्यावर प्लॅस्टिकचा कागद येतो. मध्यभागीं मोठ्या माणसाला कसेंबसें उभें राहतां येतें. खिडकी नाहीं, दाराला कडी नाहीं. आंत एक पत्र्याची पेटी, घरून आणलेलें ज्वारी-बाजरीचें पोतें, अंथरुणें व भांडीं. चूल बाहेर तीन दगडांची. कारण पाचटाच्या घरांत एक ठिणगीहि पुरे होते. पाहणाऱ्याला जें झोपडें वाटतें, त्याची जमीन दुसऱ्या दिवशीं शेणानें सारवलेली असते. देवाची तसबीर तट्ट्याला अडकते, दारापुढें तुळस नसली तरी सडा पडतो. गृहिणीचा स्वभाव सहा महिन्यांच्या घरासहि चुकत नाहीं. बैलगाडीवर ऊंस वाहणारीं कुटुंबें निदान हंगामभर कारखान्याजवळील एका तळावर राहतात. ट्रॅक्टरबरोबर फिरणाऱ्या टोळ्यांना हेंहि सुख नाहीं. एका गांवचा ऊंस संपला कीं कोपी उकलून पुढच्या गांवीं जावयाचें, आणि मुलांना पुन्हां नवी दारें, नवे आवाज.

या घरचा दिवस पहांटे तीन-चारच्या सुमारास उजाडतो. भाकरी भाजून, पाणी भरून बाई अंधारांतच फडांत जाते. तान्हें मूल झाडाच्या फांदीला झोळींत, नाहीं तर बांधावर पाचटाच्या अंथरुणावर. रांगावयास लागलें कीं भय वाढतें. पाचटांत विंचू-सर्प असतात, कोयते चालू असतात, गाड्या मागें सरत असतात. म्हणून तें थोरल्या बहिणीच्या कडेवर जातें. ही थोरली बहीण बहुधा सात-आठ वर्षांची असते. तिनें भावाला संभाळावयाचें, कोपीची राखण करावयाची व संध्याकाळच्या आंत पाणी आणून ठेवावयाचें. दोन मजुरांचा कोयता प्रत्यक्षांत तीन माणसें चालवितात, आणि तिसरें माणूस शाळेच्या पटावर ‘गैरहजर’ म्हणून लागतें.

शाळेचा प्रश्न समाजाच्या नजरेस आला तो याच मुलांमुळें. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनीं तळांवर ‘साखरशाळा’ चालविल्या. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलांत आल्यावर जवळच्या नेहमींच्या शाळेंतच मुलांना घेण्यावर भर देण्यांत आला. बीड जिल्ह्यांत दुसरा उपाय निघाला. मुलांनीं आजी-आजोबांजवळ गांवींच राहावें व हंगामी वसतिगृहाच्या योजनेंतून त्यांना तेथें जेवण मिळावें. २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें ऊंसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं सरकारी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. हे उपाय चांगलेच आहेत. पण थोरली बहीण गांवीं राहिली तर तान्ह्याला कोण पाहणार, हा प्रश्न त्यांतील एकाहि योजनेनें सोडविला नाहीं. म्हणूनच वसतिगृहांत जागा असूनहि मुलगी आईबरोबर निघते. आईला शिक्षणाचें महत्त्व कळत नाहीं, हें स्पष्टीकरण तळावर न गेलेल्या माणसांचें आहे.

याचें उत्तर कायद्याला ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. १९४८ च्या कारखाना कायद्यानें, जेथें ५० हून अधिक स्त्रिया कामास असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर असावें, असें ठरविलें. १९७६ सालीं ही संख्या ३० वर आणली गेली. १९५१ च्या कायद्यानें चहाच्या मळ्यांनाहि पाळणाघराचें बंधन घातलें. ऊंस तोडणारी बाई मात्र या दोन्ही कायद्यांच्या फटींतून निसटली. कारखान्याच्या पटावर तिचें नांव नव्हतें, आणि शेत तर शेतकऱ्याचें! मालक कोण, हेंच ठरेना. मग पाळणा कोणी बांधावा? फिरत्या मजुरांसाठीं फिरतें पाळणाघर चालवितां येतें, हें दिल्लींत मीरा महादेवन यांनीं १९६९ सालींच इमारतीच्या कामावर तंबू ठोकून दाखविलें होतें.

अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे. पण मुलाचें नांव असतें बीडच्या गांवीं, आणि मूल असतें फडावर. बाळाला लसी दीड महिना, अडीच महिने व साडेतीन महिने या वयांत द्यावयाच्या असतात. भाद्रपदांत गांवीं जन्मलेल्या मुलाची दुसरी व तिसरी लस नेमकी स्थलांतराच्या दिवसांत येते. ती टोंचून घ्यावयाची तर आईला दिवसाचें काम बुडवून परक्या गांवांतील दवाखाना शोधावा लागतो, आणि खाडा झाला तर तो उचलीच्या हिशेबांत कापला जातो.

पाडव्याच्या सुमारास कोप्या उकलतात. पेटी, पोतें, शेळी व मुलें पुन्हां गाडींत चढतात. गांवीं कुलूप उघडून आई पहिल्यानें घर झाडते, आणि उंबऱ्याशीं थबकलेलें दोन वर्षांचें मूल तिच्या पदराला धरून आंत येण्यास कांकूं करतें. त्याच्या आठवणींतलें घर पाचटाचें असतें.