फर्मानाची तारीख आणि चर्चमधला रविवार

"दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिन बंद केली आणि उपासना लोकांच्या भाषेत आली." कॅथलिक समाजावर काही वाचायला घेतलंत की असं वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. वाक्य सुटसुटीत आहे, म्हणून आपणही ते सहज उचलतो. पण तुमच्या संशोधनाचा विषय 'आजच्या धर्मग्रामातलं श्रद्धाजीवन' असा असेल, तर इथेच थांबा. धर्मग्राम म्हणजे एका चर्चशी जोडलेला परिसर आणि तिथले भाविक. त्यांच्या आयुष्यातला बदल रोमच्या कागदावरची तारीख बघून होत नसतो.

आधी मूळ दस्तऐवज बघू. परिषद १९६२ ते १९६५ या काळात चार सत्रांत भरली. उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्याच्या ३६ व्या कलमात लॅटिनचा वापर राखावा असं म्हटलंय, आणि लोकभाषेला जास्त वाव देण्याची मुभा दिलीय. ५४ व्या कलमात तर भाविकांना आपल्या वाट्याच्या प्रार्थना लॅटिनमध्येही म्हणता याव्यात, अशी अपेक्षा आहे. म्हणजे 'बंद केली' हे काही त्या कागदात नाही! पुढच्या पाच-सहा वर्षांत मुभेची वहिवाट झाली. ती कशी झाली, कुणी केली, हा खरा इतिहासाचा प्रश्न.

आता वसईला या. इथे १५३४ पासून पोर्तुगीज अंमल होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तरी कॅथलिक समाज टिकून राहिला. या समाजात घरात कुणी सामवेदी म्हणजे कादोडी बोलतं, कुणी वाडवळी. चर्चमधली उपासना मात्र प्रमाण मराठीत आली. मग 'लोकांची भाषा' म्हणायचं ती कुणाची? लॅटिनपेक्षा मराठी जवळची, यात वाद नाही. पण आजीने ज्या बोलीत देवाला हाक मारली, ती ही नव्हे. हे अंतर कुठल्याही फर्मानात दिसणार नाही. ते बोलणाऱ्यांकडूनच ऐकावं लागेल.

दुसरं उदाहरण बरोबर उलटं आहे. मिस्साविधीत बायबलचं वाचन करणाऱ्या बायका आज कितीतरी चर्चमध्ये दिसतात. पण 'वाचक' ही रीतसर नेमणुकीची सेवा १९७२ च्या नियमाने पुरुषांपुरतीच ठेवली होती. पोप फ्रान्सिस यांनी ती बायकांना खुली केली जानेवारी २०२१ मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षं बायका वाचत होत्याच, फक्त तात्पुरत्या परवानगीवर. कागद प्रमाण मानलात तर त्यांची सुरुवात २०२१ ला होईल, आणि आधीच्या सगळ्या जणी तुमच्या प्रबंधातून गायब होतील.

पहिल्या उदाहरणात कागद आधी आला आणि व्यवहार त्याच्याही पुढे गेला. दुसऱ्यात व्यवहार आधी आला आणि कागद मागून धापा टाकत आला. म्हणून प्रत्येक बदलासाठी दोन तारखा शोधायची सवय लावा: आदेशाची एक आणि अमलाची एक. या दोहोंमधल्या काळातच तुमचा विषय दडलेला असतो.

अमलाची तारीख शोधायची कुठे? पहिला थांबा म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने लग्नांची वही ठेवणं बंधनकारक केलं. १९०७ च्या आदेशानुसार लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करावी लागते. त्यामुळे समासातल्या त्या बारीक ओळी सोडू नका. माणूस जन्मला एका गावात आणि लग्न केलं भलत्याच गावात, हे तिथे सापडतं. वह्या बघायला धर्मगुरूंची परवानगी लागते, आणि त्यांतली नावं खासगी असतात, हे लक्षात असू द्या. आणखी एक गोष्ट: वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला १९९८ मध्ये, मुंबईतून. म्हणजे त्याआधीच्या कारभाराची कागदपत्रं शोधताना मुंबईचा विचारही करावा लागेल.

पण वहीची मर्यादाही ओळखा. रोज पहाटे चर्चला जाणारी बाई आणि फक्त लग्नापुरता आलेला माणूस, दोघांची नोंद वहीत सारखीच दिसते. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. श्रद्धेसाठी रकाना नाही. तिथे मुलाखतच हवी, आणि प्रश्नही साधे हवेत. "परिषदेचा तुमच्यावर काय परिणाम झाला?" असं विचारलंत तर समोरचा गोंधळेल, नाहीतर प्रवचनात ऐकलेलं परत सांगेल. त्यापेक्षा विचारा, "मराठीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी काय बोलणं झालं? चर्चमध्ये वाचायला पहिली बाई कोण उभी राहिली? कुणी नाक मुरडलं का?"

परिषदेच्याच दस्तऐवजात, १४ व्या कलमात, भाविकांचा पूर्ण, जाणतेपणी आणि सक्रिय सहभाग हवा असं म्हटलंय. तो झाला की नाही, हे ठरवायला रोमचे कागद पुरणार नाहीत. ज्यांनी सहभाग घेतला आणि ज्यांना घेता आला नाही, त्या दोघांनाही तुमच्या प्रबंधात जागा द्या. त्यांच्याकडे आज कुणी गेलं नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी विचारायला कुणी उरलेलं नसेल.