दर नंतर विचारा, आधी पुराची खूण बघा

जुनं कोल्हापूर, म्हणजे अंबाबाईचं देऊळ, जुना राजवाडा, भोवतीच्या पेठा, नदीपासून उंचावर वसलंय. 1895 साली शाहू महाराजांनी व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. पुढं राजाराम महाराजांच्या काळात आखीव गल्ल्यांची राजारामपुरी झाली, तीही चढावर. नंतर जागा कमी पडली आणि घरं सखल भागात, नाल्याकाठी सरकली.

2019 आणि 2021 च्या पुराच्या बातम्या मी केल्या. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलटं गावात येतं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग दोन्ही वेळा पाण्यात. राजारामपुरीच्या चढावर नदी पोचली नाही.

फ्लॅट स्वस्त मिळतोय? आधी शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, "पाणी कुठवर आलतं?"