नभातील अपघात आणि भूतलावरचा शोक

कर्नाल हे नाव मराठी वाचकास परके नाही. सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबर १७६० मध्ये जिंकून घेतलेला कुंजपुरा कर्नालच्या नजीकच आहे. आणि पानिपत हे गाव १९८९ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होण्यापूर्वी बराच काळ कर्नाल जिल्ह्यातच मोडत असे. त्याच कर्नालात एका निर्वासित पंजाबी कुटुंबात कल्पना चावला जन्मल्या, तेथील टागोर बालनिकेतन या शाळेत शिकल्या, चंडीगढला विमानविद्येच्या अभियंत्या झाल्या आणि पुढे अमेरिकेच्या नागरिक होऊन १९९७ साली अंतराळात गेल्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात विदीर्ण झाले, तेव्हा त्या यानातील सात जणांत त्या होत्या.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे उघडच आहे. परंतु अनर्थाची वार्ता घरी कशी येते, ती येताना वाटेत काय काय रूप घेते, आणि तिच्यामागून येणारा शोक कोणाच्या हाती जातो, याचा विचार करू लागले की मराठी मन पानिपताकडे वळल्यावाचून राहात नाही. होळकरांच्या नगरीत तर नाहीच नाही.

१४ जानेवारी १७६१ ची ती वार्ता प्रथम पोचली ती याच माळव्याच्या परिसरात. नानासाहेब पेशवे भेलसा येथे, म्हणजे आजच्या विदिशेस, मुक्कामी असताना २४ जानेवारीच्या सुमारास एका सावकारी पत्रातून ती त्यांना कळली. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी परिभाषेत तो संहार सांगितलेला होता. दहा दिवसांत आलेली ही बातमी तिच्या परीने नेमकी होती. गोंधळ झाला तो पुढे. भाऊसाहेबांच्या देहास अग्नी दिल्याचे काशीराजाने लिहून ठेवले. तरी पुण्यात पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, आणि ज्याचा शेवट आपल्या डोळ्यांनी पाहिला नाही तो जिवंत असेल या आशेवर एक तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात चांगलीच धामधूम माजविली आणि अखेर पुण्यात त्यास देहान्ताची शिक्षा झाली. दुसऱ्या बाजूने, दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची घाई झाली आणि रणांगणातून निघून गेलेल्या मल्हाररावांवर तो बसला. तो बरावाईट वाद आपल्या शहरात आजही ऐकू येतो. छापखाना नव्हता, वृत्तपत्र नव्हते. तरीही अफवा, आशा आणि आरोप यांचे काम तेव्हाही बिनबोभाट चालले होते. तेव्हा सनसनाटीचे सारे पाप वृत्तपत्रांच्या आणि दूरचित्रवाणीच्या पदरी बांधण्यात अर्थ नाही. त्यांनी फक्त वेग वाढविला.

तो वेग किती वाढला ते पाहू. ‘कोलंबिया’शी शेवटचा संपर्क तुटला तो भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी साडेसातच्या सुमारास, यान फ्लोरिडात उतरायचे होते पावणेआठला. कर्नालच्या शाळेत मुले तो सुखरूप परतीचा सोहळा साजरा करण्यासाठी जमली होती. त्या शाळेचा या बाईंशी केवळ नावापुरता संबंध नव्हता. त्यांच्या प्रयत्नाने १९९८ पासून दरवर्षी दोन विद्यार्थी उन्हाळ्यात ‘नासा’ पाहावयास जात. त्या मुलांचे रडणे खरे होते. आणि शनिवारची ती रात्र सरण्यापूर्वीच ते साऱ्या देशाने पडद्यावर पाहिले.

चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आपल्याकडे तेव्हा नुकत्याच रुजल्या होत्या. ‘आज तक’ला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि आणखी काही वाहिन्या त्याच वर्षी उंबरठ्यावर उभ्या होत्या. निळ्या आकाशात एक पांढरी रेघ, तिच्या दोन, मग अनेक झालेल्या रेघा, एवढेच काय ते चित्र हाती होते. बातमी एका ओळीची आणि वेळ मात्र अख्ख्या रात्रीचा. ही तफावत भरून काढण्यासाठी जे काही करावे लागते, ते सारे त्या दिवसांत जगभर करण्यात आले. यानात इलान रॅमन हे इस्रायलचे पहिले अंतराळवीर होते, १९८१ साली इराकच्या अणुभट्टीवर झालेल्या हवाई हल्ल्यात ते सहभागी होते. एवढ्यावरून घातपाताची शंका लगोलग बोलली गेली. अपघात सुमारे दोन लक्ष फूट उंचीवर झाला होता आणि तेथवर पोचेल असे शस्त्र कोणत्याही टोळीपाशी नव्हते, ही साधी गोष्ट अमेरिकन अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगावी लागली. ‘उपग्रहाने टिपलेली स्फोटाची छायाचित्रे’ म्हणून जी चित्रे संगणकीय टपालाने घरोघर फिरली, ती वस्तुतः ‘आर्मगेडन’ या १९९८ च्या चित्रपटातील होती. यानाचे म्हणून सांगितलेले तुकडे काही तासांतच संगणकावरील लिलावात विक्रीस आले.

जाता जाता एक नमूद करण्याजोगे. त्या दिवशी शनैश्चरी अमावास्या होती; आपल्या पंचांगाने पौषाची, माळव्याच्या पंचांगाने माघाची. एवढ्या भांडवलावर कितीतरी दिवस गुजराण करता येते. तिथी मात्र सायंकाळी सव्वाचारच्या सुमारासच संपली होती आणि अपघात झाला तो प्रतिपदेस. पण बातमी रंगविणारास पंचांगही पुरते वाचण्याची सवड नसते.

इंदूरच्या मराठी माणसाच्या हाती सकाळी येते ते हिंदी दैनिक, आणि मुंबई-पुण्याचे मराठी पत्र येई ते शिळे होऊन. ही गैरसोय म्हणून आपण कुरकुरत आलो. तथापि तिचा एक लाभही होता. पहिला धक्का ओसरल्यावर, आणि दुसऱ्या भाषेत, तीच घटना पुन्हा वाचावी लागे. शिवाय १९४७ साली सुरू झालेल्या ‘नईदुनिया’ने या शहराच्या वाचकाला संयत भाषेची सवय लावलेली होती. राहुल बारपुते यांच्यासारख्या मराठीभाषक संपादकाचा त्यात मोठा वाटा होता. शोकाच्या बातमीत विशेषणे किती असावीत याची जाण तेथे लेखनाच्या पहिल्या धड्यांपैकी मानली जाई, असे म्हणण्यास हरकत नाही.

आकाशातील संकटाचा बाजार मांडण्याची रीत २००३ साली नवी नव्हती. १९७९ च्या जुलैत सत्याहत्तर टनांची ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार असे जाहीर झाले, तेव्हा आपल्या देशात ठिकठिकाणी पोलीस सज्ज ठेवण्यात आले आणि खेड्यापाड्यांतून जगबुडीच्या वावड्या उठल्या. याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने तिचा पहिला तुकडा आणून देणारास दहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले. ११ जुलैस तुकडे पडले ते पश्चिम ऑस्ट्रेलियात. बक्षीस तेथील एका सतरा वर्षांच्या मुलाने नेले. कोणास इजा झाली नाही म्हणून आज हे हसण्यावारी नेता येते. २८ जानेवारी १९८६ च्या ‘चॅलेंजर’ अपघाताविषयी तसे म्हणता येणार नाही. उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांत ते यान नष्ट झाले. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतील शिक्षिका होती, आणि प्रेक्षकांच्या सज्जात उभ्या असलेल्या तिच्या आईवडिलांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखलेला होता. काय घडले ते त्यांना कळण्यापूर्वी जगाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. दुःखिताच्या घरी गेल्यावर आपल्याकडे नजर खाली ठेवून बसण्याची रीत आहे. ती रीत त्या यंत्राला कोण शिकविणार?

कल्पना चावलांच्या बाबतीत भारतीय शोकाला आणखी एक पदर होता. ज्या देशाने त्यांना अंतराळात पाठविले नव्हते, तो देश त्यांना आपली कन्या म्हणत होता. यात ढोंग होते असे मला वाटत नाही. परदेशी गेलेल्या मुलीला माहेर विसरत नाही. अपघातानंतर चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारीस, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘मेटसॅट’ या आपल्या हवामान-उपग्रहाचे नाव ‘कल्पना–१’ असे जाहीर केले. स्मारकाची ही कल्पना फारच योग्य होती. पुतळ्यापेक्षा काम करणारा उपग्रह केव्हाही बरा. पण नाव दिले गेले, रस्ते, वसतिगृहे व शाळांनाही ते लाभले, आणि तेथेच देशाची जिज्ञासाही संपली. ही माणसे का मेली, हा प्रश्न मागे राहिला.

त्याचे उत्तर २६ ऑगस्ट २००३ रोजी ॲडमिरल हॅरोल्ड गेहमन यांच्या चौकशी मंडळाने दिले. उड्डाणानंतर सुमारे ब्याऐंशी सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरचा फेसाचा एक तुकडा, वजनाने किलोभराहूनही कमी, सुटून डाव्या पंखाच्या पुढल्या कडेवर आदळला व तेथे भगदाड पडले. परतताना वातावरणाच्या घर्षणाने तापलेला वायू त्यातून आत शिरला. हे झाले यांत्रिक कारण. मंडळ तेथे थांबले नाही. यान सोळा दिवस अंतराळात होते, आणि त्या अवधीत अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवावीत असा आग्रह तीन वेळा धरला होता. वरिष्ठांनी तो मान्य केला नाही. फेसाचे तुकडे पूर्वीही पडत असत आणि काही बिघडले नव्हते; म्हणून याही वेळी बिघडणार नाही, असे त्या कचेरीने धरून चालण्याची सवय करून घेतली होती. ‘चॅलेंजर’च्या वेळीही थंडीने ताठरणाऱ्या रबरी कड्यांविषयी अभियंत्यांनी दिलेला इशारा असाच बाजूला सारला गेला होता. सतरा वर्षांनी तोच दोष त्याच संस्थेत निघावा, ही माझ्या मते त्या अपघातातील सर्वांत मोठी बातमी होती. ती ऑगस्टमध्ये आली. तोवर अश्रू वाळून गेले होते, आणि धरणे, पूल, रेल्वे व कारखाने यांच्या कचेऱ्यांतून हाच दोष पोसला जात असलेल्या आपल्या देशाने त्या अहवालातून फार काही घेतले असे दिसले नाही. भोपाळ येथून दोनशे किलोमीटरांच्या आत आहे, हे इंदूरच्या वाचकास सांगण्याची गरज नाही.

टेक्सासच्या माळरानांतून, दलदलींतून यानाचे चौऱ्याऐंशी हजारांवर तुकडे वेचण्यात आले. यानाच्या वजनाच्या जवळपास अडतीस टक्के. पंचवीस हजारांहून अधिक माणसे त्या कामी राबली. त्या वेचणीमुळेच कारण सिद्ध होऊ शकले. २७ मार्च रोजी शोधकामावरील एक हेलिकॉप्टर कोसळून त्यातील दोघे मृत्यू पावले. ‘कोलंबिया’चे बळी सात, असेच आपण लिहितो.

आपल्या घरची गोष्ट याहून निराळी नाही. २३ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे ‘कोलंबिया’चे वर्षश्राद्ध होऊन तीन आठवडे उलटले होते, श्रीहरिकोटा येथील घन इंधनाच्या कारखान्यात काम चालू असताना आग भडकली आणि भारतीय अवकाश कार्यक्रमात राबणारे सहा जण तीत गेले. ते कोणी अंतराळवीर नव्हते. त्यांचे हसरे छायाचित्र नारिंगी पोशाखात कोणी काढलेले नव्हते, आणि ज्या आकाशाकडे पाहून देशाने डोळे पुसावेत अशी रेघही त्या दिवशी आकाशात उमटली नाही. त्यांच्या नावाचा उपग्रह नाही. ‘कल्पना–१’ ज्या अग्निबाणाने १२ सप्टेंबर २००२ रोजी वर गेला, तोही याच बेटावरून उडाला होता, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात भरलेले इंधनही घनच होते.

जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळण्याची आवड असणाऱ्या वाचकाने फेब्रुवारी २००४ ची फाईल कधी हाती आली तर २४ तारखेचा अंक अवश्य काढून पाहावा, आणि ती सहा नावे छापलेली असल्यास मोठ्याने वाचावीत.