मराठी शाळेतील इंग्रजी : इयत्ता कोणती?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी विश्वस्त मंडळाने लेख मागितला आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली. कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षे काढलेल्या माणसाने इंग्रजीच्या अध्यापनाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु जून महिना जवळ आला की माध्यमाचा वाद आपल्यापैकी बहुतेक घरांत झडतो. तो किती जुना आहे, हे सुज्ञ वाचकांसमोर ठेवावे एवढाच हेतू.

मुंबई इलाख्यात १८४० साली ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले. त्याचे एक अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. नाना शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने ठाम उभे राहिले. नानांना इंग्रजीचा तिटकारा नव्हता. सामान्य रयतेपर्यंत विद्या तिच्याच भाषेतून पोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे. इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून शिकणे वेगळे, हा भेद तेव्हापासून आजवर आपल्या ध्यानात राहिलेला नाही.

या भेदाची जाण असलेला एक ग्रंथ मात्र महाराष्ट्रात घरोघर पोचला. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’. (व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर ते निराळे.) प्रथम नियम मराठीत समजावायचा, मग शब्द व त्यांचे अर्थ, त्यानंतर इंग्रजी वाक्यांचे मराठी आणि मराठी वाक्यांचे इंग्रजी करायचे, अशी त्याची रीत. शिक्षक नसला तरी शिकता येई. आमचे ती. वडील स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीतले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असतानाच्या धोरणाने मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होई, म्हणजे मॅट्रिकपर्यंत जेमतेम चार वर्षे. पेढीवर बसल्यावर गिरण्यांची पत्रे इंग्रजीत येत. गाठी कधी सुटल्या, वटाव किती, माल परत घेणार की नाही, सारे त्यातच. शेजारच्या वकिलाकडून पत्र वाचून घ्यायचे म्हणजे आपला भाव त्याला कळायचा! वडिलांनी रात्री दुकान वाढवल्यावर तर्खडकर उघडले आणि दोन वर्षांत स्वतः उत्तरे लिहू लागले. बोलता त्यांना कधी आले नाही, हेही खरे.

आठवीच्या धोरणाचा भार कोणावर पडला? ज्यांची ऐपत होती त्यांनी इंग्रजी शाळा गाठल्या. त्यावर सरकारने जानेवारी १९५४ मध्ये परिपत्रक काढले की, ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशा अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणाला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन घटनाबाह्य ठरविले. माझ्या मते निकाल योग्यच होता. परंतु तेव्हापासून पैसेवाल्यांची वाट मोकळी राहिली आणि गावच्या शाळेतला मुलगा आठवीतच अडकला.

पुढे इंग्रजी पाचवीवर आले. माझी पिढी त्यातली. त्याच सुमारास भाषांतराची पद्धत मागासलेली ठरून ‘स्ट्रक्चरल’ पद्धत आली. वर्गात मराठी बोलायचे नाही, वस्तू दाखवून वाक्यांचे साचे घोकायचे. पद्धत वाईट नव्हती. पण ज्या शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी त्या साच्यांपुरतेच होते, त्याच्या हाती ती पोपटपंची झाली. बी.कॉम.ला आम्ही व्यापारी पत्रव्यवहाराचे नमुने पाठ करून उत्तीर्ण झालो. नमुन्याबाहेरचे पत्र आले की घरी जाऊन वडिलांचा तर्खडकर काढावा लागे.

सन २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. गरिबाच्या मुलालाही आरंभापासून इंग्रजी मिळावे, हा त्यामागील विचार मला मान्य आहे. मात्र अर्स्किन पेरींपासून मोऱ्यांपर्यंत चर्चा झाली ती माध्यमाची आणि इयत्तेची. शिकवणाऱ्याला कोण शिकवणार, यावर कितीसा खर्च झाला? आमच्या दुकानातला एक पोरगा पहिलीपासून इंग्रजी शिकलेला आहे. तो लेबल झरझर वाचतो. पण पुरवठादाराचे चार ओळींचे ई-पत्र आले की मोबाइलवर त्याचे मराठी करून पाहतो. इंग्रजी माध्यमातली माझी नात बोलते फडाफड, आणि व्यवहारी अपूर्णांक मात्र आजीकडून मराठीत समजावून घेते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आमच्या पेठेत सकाळी साडेसहाला येणाऱ्या तिन्ही शाळा-बसगाड्या इंग्रजी माध्यमाच्याच आहेत.