सुट्या आठवणींचे पुस्तक

आत्मकथन ग्रंथरूपानेच जन्मते, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील समज तपासून पाहावयास हवा. उदगीर परिसरातून (आजचा लातूर जिल्हा) आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये पुस्तक झाले. परंतु त्यातील आठवणी तत्पूर्वी नियतकालिकांतून सुट्या सुट्या प्रसिद्ध होत होत्या. मराठवाड्यातील नवलेखकाला असे हक्काचे पान गंगाधर पानतावणे यांनी १९६७ पासून तत्कालीन औरंगाबादेत चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने दिले. ‘आदर्श’ म्हणजे आरसा. एकाची आठवण वाचून दुसरा लिहिता व्हावा, अशी ती जागा होती. म्हणूनच या पुस्तकाचा तुटकपणा हा रचनादोष मानून चालणार नाही. वाचकांसमोर टप्प्याटप्प्याने धीट होत गेलेल्या ‘मी’चा इतिहास त्यात आहे. १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ आले. नांदेड-लातूरच्या संशोधकांनी पुस्तकाआधी हे जुने अंक धुंडाळले पाहिजेत.