बट नंबर

नौपाड्यात गावदेवी मैदानाच्या कडेला सकाळी सातच्या सुमारास निवृत्तांचे गट जमतात. बँकवाले एका बाजूला, शाळामास्तर दुसऱ्या. त्यांच्यापासून जरा दूर चार-पाच माजी सैनिक आणि अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक कामगार बसतात. गेली काही वर्षे मीही वही घेऊन तिथे बसतो. मला लढायांच्या हकिकती हव्या होत्या. मिळाल्या त्या रायफलींच्या.

आधी मी वैतागलो. जमालपूरच्या वेढ्याबद्दल विचारावे, तर उत्तर एसएलआरच्या गॅस रेग्युलेटरवर जाऊन पोचायचे. पुढे कळले की हा माणूस आपल्याला टाळत नाही, त्याच्या आठवणीची वाटच तिथून जाते. कोतातून रोज तीच रायफल काढायची, दस्त्यावरचा नंबर बघून सही करायची, चांदमारी झाली की पुल-थ्रूला चिंधी लावून नळी लख्ख होईपर्यंत ओढायची. पंधरा-वीस वर्षे. यांतल्या एकांना स्वतःचा मोबाइल नंबर सांगता येत नाही. 1974 सालचा बट नंबर मात्र न अडखळता सांगतात.

वादाचा मुख्य विषय अर्थातच ‘कुठली चांगली’. सर्वांत वृद्ध सुभेदार (त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात, मी ‘आजोबा’) 1960 साली भरती झाले, तेव्हा सेनेत थ्री-नॉट-थ्री होती. मॅगझीनमध्ये दहा गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. पहिल्या महायुद्धात आपल्या पलटणींनी जी वापरली तिचीच ही भावंडे. 1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेफात चिनी सैनिक आपोआप भरणाऱ्या रायफली घेऊन आले, तेव्हा आपल्या जवानांच्या हातात हीच होती. त्या पराभवानंतर इशापूरच्या कारखान्यात बेल्जियन एफएएलच्या धर्तीवरची 7.62 मिलिमीटरची एसएलआर निघू लागली. वीस गोळ्यांचे मॅगझीन. चाप ओढला की एक गोळी, पुन्हा ओढला की दुसरी. त्याच काळात जुन्या बोल्टच्या रायफलीलाही 7.62 ची नळी देऊन एक तात्पुरती जोड काढली गेली, ती पुढे बरीच वर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसे.

एसएलआरचे भक्त नौपाड्याच्या कट्ट्यावर बहुमतात आहेत. ‘लागली की माणूस उठत नाही,’ हा त्यांचा एकमेव मुद्दा आणि तो ते रोज मांडतात. विरोधात एकच गृहस्थ, 1987 साली श्रीलंकेत गेलेले. त्यांचे म्हणणे असे, की मीटरहून अधिक लांबीची ती रायफल घेऊन जाफन्याच्या बोळात वळून दाखवा. समोर वाघांच्या हाती एके-47 च्या जातीची हत्यारे. चाप दाबून धरला की सलग फैर. (इथे एक खुलासा करतो, कारण छापील लेखांतही हा घोटाळा दिसतो. एसएलआर आणि एके दोन्ही ‘7.62’, पण काडतूस वेगळे. एसएलआरचे 51 मिलिमीटर लांब केसचे, एकेचे 39 चे. एकाची गोळी दुसऱ्यात चालत नाही.)

मग येते इन्सास. ती पुण्याच्या पाषाणमधल्या संशोधन संस्थेत घडली, तिची 5.56 ची काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला बनत. म्हणजे मराठी मुलखाशी हिचे नाते सर्वांत जवळचे, आणि शिव्याही हिलाच सर्वांत जास्त. 1999 साली कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकली, हे तेव्हाच गाजले. 2005 साली नेपाळच्या सैन्याने माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर तिच्यावर ठपका ठेवला. आपल्याकडून उत्तर गेले की वापरणाऱ्यांनी ती नीट हाताळली नाही. ही दोन वाक्ये मला जगातल्या सगळ्या रायफलींच्या इतिहासात भेटतात: बनवणारा म्हणतो निगा राखली नाही, वापरणारा म्हणतो घडणच कच्ची. अंबरनाथचे कामगार यावर एवढेच बोलतात, ‘आम्ही पितळ देत होतो हो. पुढचे पुढचे लोक बघत.’ त्या पितळाचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. 2019 साली 72,400 अमेरिकी रायफली मागवल्या गेल्या, त्या पुन्हा 7.62 बाय 51 च्या. ही बातमी आली त्या दिवशी एसएलआरवाल्यांनी चहा पाजला.

सन्मानपत्रांत मात्र हत्याराचे वर्णन वेगळे येते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, इटलीतले टायबरचे खोरे. तुकडीतले बाकी सगळे मेलेले वा जखमी. त्यांनी बाँब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, मॅगझीन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा नळी हातात धरून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच ठेचले. पुढच्या एप्रिलमध्ये नामदेव जाधवांनी हात जायबंदी झाल्यावर टॉमीगन टाकली आणि बाँब हाती घेतले. 8 महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांनी 25 नोव्हेंबर 1987 रोजी छातीत गोळी लागलेली असताना मारणाऱ्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले. कट्ट्यावर हे वाचून दाखवले, तर श्रीलंकावाले गृहस्थ उठून मैदानाला एक फेरी मारून आले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आजोबा मला पहिल्यापासून सांगत, की 1962 साली से ला खिंडीत त्यांच्या हातात एसएलआर होती. वजन, खांद्याला बसणारा धक्का, सगळे तपशील बरोबर. फक्त साल जमत नव्हते. ती रायफल तेव्हा पलटणींना मिळालेलीच नव्हती. एसएलआर त्यांनी नंतर हाताळली, अनेक वर्षे हाताळली, यात शंका नाही. वर्षभर मी हे मनात ठेवले. ऐंशी पार केलेल्या माणसाला ‘तुमची आठवण चुकते’ म्हणण्याचा मला काय अधिकार? पण तपशील तसाच छापला तर वाचकाची फसवणूक, आणि गाळला तर त्यांची. शेवटी एका सकाळी इतर जण यायच्या आधी इशापूरच्या उत्पादनाची साले त्यांना दाखवली.

ते रागावले नाहीत. कागद चष्म्याजवळ धरून वाचला, घडी करून परत दिला आणि त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत. पुढचे दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘थ्री-नॉट-थ्रीच होती. सोडून आलो मी ती.’

नोव्हेंबरात से ला सोडून दिरांगच्या अंगाने उतरताना, रात्री, दोघे मिळून एका जखमी माणसाला उचलून नेत होते. दोन हातांत तो माणूस, खांद्यावर रायफल. एका चढाला त्यांनी ती उतरवून दगडाला टेकवली, परत येऊन घेऊ म्हणून. जखमी माणूस सकाळपर्यंत जगला नाही. मैदानात पोचल्यावर ज्यांच्याकडे हत्यार नव्हते त्यांची वेगळी रांग लावली, त्या रांगेत हे उभे राहिले. त्यांना शिक्षा झाली नाही, कुणी काही बोललेही नाही. एसएलआर हातात आली तेव्हा कोतातल्या माणसाने ‘ही सांभाळ’ म्हटले. तो सगळ्यांनाच तसे म्हणत असणार, हे त्यांना तेव्हाही कळत होते.

‘घरी कुणाला माहीत नाही,’ ते म्हणाले. ‘नाव नको. पलटणही नको. बाकी लिहा.’ मग मला वही उघडायला सांगून त्यांनी एक नंबर घातला, दस्त्यावरचा. मी तो लिहून घेतला आहे, इथे देत नाही.

एवढ्यात एसएलआरवाले आले. कालचा वाद अर्धा राहिला होता.